घट्ट करून अर्धा आटा मागे

३ फेब्रुवारी

दाजी,

नमस्कार. ताईचा फोन आला होता. नाक्यावर तुमची गाडी दुसऱ्यांदा उभी केली, आणि तिसऱ्यांदा असं झालं तर मालक तुम्हाला गाडीवरून उतरवून गेटवर वॉचमन म्हणून बसवणार, असं ती म्हणाली. तुम्हाला फोनवर काही ऐकू येत नाही, सगळा जन्म इंजिनाशेजारी गेला, म्हणून कागदावर लिहितोय. सातवीतून पळालेल्या माणसाचं अक्षर आहे. शिव्या द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

मी इथे नेमकं काय करतो ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, कारण तुम्ही हसला असता. मी इथे साहेब आहे. खोटा. आमच्या कंपनीच्या साठेक गाड्या आहेत आणि नाक्यावर तपासणीला थांबवलं की ड्रायव्हरांची तंतरते. गाडी चांगली असते, माणूस घाबरतो आणि काहीतरी भलतंच बोलून बसतो. म्हणून गाडी यार्डातून निघायच्या आधी मी तिला अडवतो. नारिंगी जाकीट घालतो, हातात टॉर्च, आणि तोंड असं करतो की जणू घरून भांडून आलोय. आमच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला मी लायसन मागितलं तर त्यानं पाकिटातून लग्नाचा फोटो काढून दिला. मी म्हटलं, काका, हिची मुदत संपलीय का बघू. सगळं यार्ड हसलं. पण पुढच्या महिन्यात तो नाक्यावरून सरळ सुटून आला.

तर तुमचं. थांबवलं की आधी इंजिन बंद, चावी समोर ठेवायची, साहेबाला दिसेल अशी. सांगितल्याशिवाय खाली उतरायचं नाही. उतरलात की चाकाला ठोकळा. विचारलं तेवढंच बोलायचं. तुम्हाला सवय आहे, साहेब टायर बघायला लागला की तुम्ही त्याला टायर कसा बघायचा ते शिकवता. ते बंद करा. त्याच्या मागे मागे फिरायचं नाही, दिव्यांची तपासणी असेल तर केबिनमध्ये बसून तो म्हणेल तो दिवा लावायचा. ताडपत्रीची दोरी लोंबत असेल तर त्यालाही तो अडवतो, ती आदल्या मुक्कामावरच बघा.

आता मुख्य गोष्ट. ताई म्हणाली दोन्ही वेळा ब्रेकवरून अडलं. साहेब चाकाच्या आतल्या दांड्यावर खडूनं खूण करतो, तुम्हाला ब्रेक दाबायला लावतो, आणि दांडा किती बाहेर आला ते मोजतो. जास्त आला की गाडी तिथेच उभी. बरोबर ना? मग नाक्याच्या अलीकडे जो पंप असेल तिथे थांबा, पाना घेऊन खाली शिरा, आणि एकेका चाकाचा नट पूर्ण घट्ट करून अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, मागे घ्या. दांडा जागेवर येतो. आपल्या जुन्या गाडीवर तुम्ही रोज सकाळी हेच करायचात, मी शेजारी पोत्यावर आडवा पडून टॉर्च धरायचो. तेच करायचं. इथे मी सगळ्यांना हेच करायला लावतो आणि आमची एकही गाडी ब्रेकवरून अडत नाही.

ताईला सांगा, मी जेवतो वेळेवर.

तुमचा
भिंगरी

१५ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं. अक्षर बघून आधी वाटलं औषधाच्या दुकानात द्यावं, ते वाचतील. मग सवय झाली.

तू मला टॉर्च धरून उजेड दाखवायचास तो नेहमी माझ्या डोळ्यांवर, नटावर कधीच नाही. त्याच माणसाकडून मी आता धडे घेतोय. असो. दिवस असतात.

ही जी नवी गाडी मालकानं दिलीय, ती आली तेव्हा बरोबर आलेल्या मिस्तरीनं सांगितलं होतं की हिचे ब्रेक आपोआप घट्ट होतात, नटाला हात लावू नका. मी म्हटलं, बरं झालं, कंबर मोडून खाली शिरायला नको. म्हणून मी गेलं वर्षभर हात लावला नव्हता. तुझं पत्र वाचून दोन दिवस विचार केला. शेवटी म्हटलं, तो मिस्तरी गाडी विकणाऱ्यांचा माणूस, चार वाक्यं पाठ करून आलेला. तू तिकडे मोठ्या यार्डात, साठ गाड्या रोज तुझ्या हाताखालून जातात. तुला जास्त कळणार.

पंपावर थांबलो, आवळले, अर्धा आटा मागे. नाक्यावर तोच साहेब, तोच खडू. मला म्हणाला, ब्रेक दाबा. दाबला. मोजलं. पुन्हा मोजलं. मला म्हणाला, काका, काम करून घेतलंत वाटतं. विचारलं तेवढंच बोलायचं म्हणून मी नुसता हो म्हणालो. त्यानं काचेवर पास झाल्याचं स्टिकर लावलं. तीन महिने आता मला कुणी अडवणार नाही, लांबूनच स्टिकर बघून हात दाखवतात, जा.

घरी येऊन तुझ्या ताईला स्टिकर दाखवायला खाली घेऊन आलो. ती चपलाही न घालता आली.

मेहुण्या, तू शाळेतून पळालास तेव्हा मी तुझ्या वडिलांना म्हणालो होतो, याला माझ्याकडे द्या, हा काहीतरी करेल. ते तेव्हा हसले होते. आज असते तर मी त्यांना हे स्टिकर दाखवलं असतं.

तुझे
दाजी

६ मार्च

भिंगऱ्या,

तुला पत्र लिहायला मला वेळ नसतो, पण आज यांनी सांगितलं की मीच लिहावं, कारण स्वतःची स्तुती स्वतः लिहायला यांना लाज वाटते.

मालकानं यांना बढती दिली. यांची गाडी पास झाली ते ऐकून बाकीच्या ड्रायव्हरांनी विचारलं, यांनी त्यांना शिकवलं, आणि एकामागून एक सगळ्या गाड्यांना स्टिकर लागलं. आता आठही गाड्यांना आहे. मालक म्हणाला, यापुढे आठवड्यातून दोन दिवस तुम्ही गाडी चालवा, बाकीचे दिवस यार्डात राहून पोरांना तयार करा. तुझ्यासारखंच काम. फक्त जाकीट नाही. यांनी मला विचारलं, नारिंगी रंग मला शोभेल का. मी म्हटलं, त्या रंगात तुम्ही लांबून गॅसच्या सिलिंडरसारखे दिसाल.

घरी तर नाटकच चाललंय. हे पलंगावर बसतात, उशी म्हणजे स्टिअरिंग, आणि मला साहेब व्हायला लावतात. मी चिमटा हातात घेऊन उभी राहते आणि म्हणते, उजवा दिवा. हे तोंडानं टिक टिक करतात. मी म्हणते, कागद दाखवा. हे म्हणतात, असं हसून नाही विचारायचं, साहेब कधी हसत नाही. मला हसू आवरत नाही रे. शेजारीण दारात येऊन बघून गेली आणि दुसऱ्या दिवशी तिनं मला हळूच विचारलं, घरी सगळं ठीक ना.

खरं सांगते. नाक्यावर दुसऱ्यांदा अडवल्यापासून हे जेवताना ताटाकडे बघायचे आणि उठून जायचे. वॉचमन म्हणून बसायचं आणि ज्या पोरांना हाताला धरून गाडी शिकवली त्यांना गेट उघडून द्यायचं, हे यांना सहन झालं नसतं. आता परवा बाजारात कुणीतरी यांना मास्तर म्हणालं. यांनी वळून बघितलं नाही, पण मला कोपरानं हळूच टोचलं.

हे सगळं तुझ्यामुळे. तू फोनवर कधी धड बोलत नाहीस, पण पत्रं चांगली लिहितोस. पुढच्या पत्रात आणखी काही शिकवायचं असेल तर लिही, मास्तर वाट बघतात.

ताई

१७ मार्च

दाजी,

ताईचं पत्र मिळालं. तुम्हाला मास्तर म्हणतात हे वाचून बरं वाटलं. पत्र आलं तेव्हाच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण जमलं नाही.

इथे जरा गडबड झाली. आमचा एक ड्रायव्हर आहे, आम्ही त्याला लांबू म्हणतो, कारण तो केबिनमध्ये मान तिरकी करून बसतो. माझ्याच वयाचा. त्याची भरलेली गाडी मोठ्या उतारावर सुटली. उताराच्या मध्यावर वाळूचा चढ करून ठेवलेला असतो, सुटलेल्या गाड्या घालायला, त्यात त्यानं गाडी घातली म्हणून वाचला. पाय दोन ठिकाणी मोडलाय, अजून दवाखान्यात आहे. चौकशीत लिहिलं की त्याला डुलकी लागली. तसं होतं कधी कधी.

तुमच्या यार्डात काय चाललंय? नटाचं जरा बेतानं घ्या. म्हणजे सारखं सारखं आवळायला नको, असं माझं मत झालंय. मिस्तरीला एकदा दाखवून घेतलेलं बरं. आणि बाकीच्यांना ते शिकवायची एवढी घाई नको. दिवे, कागद, ताडपत्री, तेवढं शिकवा. तेही पुष्कळ आहे.

बाकी ठीक. ताईला सांगा, चिमटा हातात घेतलेला साहेब मला बघायचाय.

भिंगरी

२७ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद. तुझं पत्र तीन वेळा वाचलं. तू काय लिहिलं नाहीस ते मला कळलं.

तुझ्या कंपनीनं तुला झापलेलं दिसतंय. आपल्या यार्डातली गोष्ट दुसऱ्या यार्डाला का सांगितली, असं कुणीतरी बोललं असणार. म्हणून तू आता मला म्हणतोस, शिकवायची घाई नको. मेहुण्या, काळजी करू नकोस. मी कुणालाही सांगितलेलं नाही की हे तुझ्याकडून आलं. सगळ्यांना सांगतो, ही माझीच जुनी पद्धत. आणि ते खोटंही नाही. तुझं नाव कुठे येणार नाही.

लांबूचं वाईट वाटलं. पण या वयात पोरं उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतात नाहीतर पेंगतात. तुला मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, उतारावर गाडी पायानं नाही, गिअरनं उतरवायची. त्याला कुणी सांगितलं नसेल.

आमच्याकडचं विचारतोस तर, आता मी पोरांवर सोडत नाही. कुणी घट्ट करतो आणि मागे घ्यायला विसरतो, कुणी एकच बाजू करतो. म्हणून रोज सकाळी आठही गाड्यांचे नट मी स्वतः आवळतो. कंबरेचं काही विचारू नकोस. पण मन लागतं. एक मात्र आहे, सुरुवातीला आठवड्यातून एकदा लागायचं ते आता रोज लागतं, एका रात्रीत दांडा पुन्हा बाहेर येतो. नव्या गाड्या आहेत, नव्या सुनेसारख्या, रुळेपर्यंत असंच चालायचं.

पंधरा तारखेपासून सिमेंटचं मोठं काम आहे, घाटापलीकडे. मालक म्हणाला, पहिली खेप मास्तरांची.

तुझे
दाजी

५ एप्रिल

दाजी,

तुमचं पत्र आज आलं. आल्या आल्या ताईला फोन केला आणि सांगितलं, दाजींना गाडी काढू देऊ नकोस आणि कुणाच्याच नटाला हात लावू देऊ नकोस. ती म्हणाली का. मी म्हटलं पत्रात लिहितो आणि फोन ठेवला. तिनं परत केला, मी उचलला नाही. तोंडानं सांगायला जीभ वळेना. म्हणून हे.

तुमच्या त्या मिस्तरीचं बरोबर होतं. मी चूक होतो.

लांबूची गाडी ओढून आणली तेव्हा आमच्या वर्कशॉपच्या मिस्तरीनं चाकं उघडली. मी तिथेच घुटमळत होतो. त्यानं मला बोलावून हात घालायला लावला. आपल्या जुन्या गाडीचे ब्रेक माणसानंच आवळायचे असतात, म्हणून तुम्ही रोज सकाळी आवळायचात, आणि ते बरोबर होतं. या गाड्या स्वतः आवळतात. तरी दांडा बाहेर येतोय म्हणजे आत काहीतरी झिजलंय किंवा मोडलंय. दांडा बाहेर येणं हीच गाडीची ओरड असते. आपण नट फिरवला की दांडा मापात येतो, ओरड बंद, आणि आतलं मोडलेलं तसंच. वर परत आपल्या पान्यानं ते आपोआप आवळणारं यंत्रही खराब होतं. मग ते रोज सैल पडतं. तुम्ही लिहिलंय ना, एका रात्रीत दांडा पुन्हा बाहेर येतो. ते रुळणं नाही दाजी. तुम्ही पत्रात ते वाक्य हसत लिहिलंय आणि मला ते वाचून बसायला जागा सापडेना.

सपाट रस्त्यावर कळत नाही. नाक्यावर कळत नाही. भरलेली गाडी लांब उतारावर ब्रेक तापले की कळतं.

लांबू निघाला त्या सकाळी त्याचा दांडा बाहेर होता. त्यानंच मला दाखवला. म्हणाला, साहेब, हे बघ. मी म्हटलं, आवळ आणि नीघ. त्यानं आवळलं, मी खडूनं खूण करून मोजलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

आता पुढचं लिहितो. मिस्तरीनं मला विचारलं, ही अक्कल तुला कुणी शिकवली. मी लगेच म्हणालो, माझ्या दाजींनी. एवढंच म्हणालो. जुन्या गाडीवर, तेव्हा ते बरोबर होतं, हे काही म्हणालो नाही. तो म्हणाला, तुझ्या दाजींना सांग आता घरी बसा. आणि हसला. मी पण हसलो. तुम्ही तिकडे माझं नाव कुठे येऊ दिलं नाहीत.

आमच्या इनचार्जला मिस्तरीनं सगळं सांगितलं. इनचार्ज मला म्हणाला, तू तोंड उघडायचं नाही, नाहीतर नाकेवाले साठच्या साठ गाड्या उभ्या करतील. मिस्तरी आता एकेक गाडी आत घेऊन गुपचूप दुरुस्त करतोय. म्हणून इथल्या गाड्यांची भीती राहिली नाही. तुमच्या आठ गाड्यांची आहे. त्यांना स्टिकर आहे, म्हणजे तीन महिने त्यांना कुणी थांबवणारही नाही.

मागचं पत्र मी असं का लिहिलं? ताईनं लिहिलं होतं, तुम्ही तिला कोपरानं टोचलंत. ते वाचल्यावर मला लिहवेना. मला वाटलं बेतानं घ्या म्हटलं की तुम्ही समजाल आणि मला काही सांगावं लागणार नाही.

गाडी काढू नका. मला काय म्हणायचं ते म्हणा.

भिंगरी

१६ एप्रिल

भिंगऱ्या,

तू फोन ठेवलास तेव्हा मला वाटलं तू काहीतरी उलटसुलट करून बसलायस आणि पळून येतोयस. यांना सांगितलं तर हे म्हणाले, पोरगं घाबरलंय कंपनीला. पण माझा जीव खालीवर होतोय बघून कंबरेचं निमित्त काढून घरी बसले. बाकीच्या गाड्या चालूच होत्या.

पत्र तेरा तारखेला आलं. हे ओट्याजवळ उभे राहून वाचत होते. मी भांडी घासत होते. बराच वेळ कागदाचा आवाज आला नाही म्हणून मी वळले तर हे शेवटच्या पानावर थांबलेले. मी विचारलं काय झालं, तर माझ्या हातात पत्र देऊन चपला घालायला गेले. मी वाचून संपवेपर्यंत हे गेले होते.

पुढचं मला नंतर कळलं. हे मालकाकडे गेले आणि म्हणाले, सगळ्या गाड्या थांबवा. मालक म्हणाला, मास्तर, काचेवर स्टिकर आहे, सिमेंटची तारीख ठरलीय, तुम्हाला कुणी विचारलं का? यांनी जास्त बोलणं केलं नाही. सात गाड्या यार्डात होत्या. आठवी, सगळे ज्याला मामा म्हणतात त्याची, पहाटेच निघाली होती. तारखेच्या आधी एक खेप टाकून येतो म्हणून. घाटाकडे.

हे रस्त्यावर उभे राहून मिळेल त्या गाडीला हात करत गेले. मामाला फोन लागत नव्हता. घाटमाथ्यावर हॉटेलं आहेत तिथे त्याची गाडी उभी दिसली. मामा आत जेवत होता. हे जाऊन त्याच्या समोर बसले. मामा म्हणाला, मास्तर, तुम्ही पण जेवा. यांनी टेबलावरची चावी उचलून खिशात टाकली. मामानं शिव्या दिल्या. मग हे गाडीखाली शिरले, मामानं केबिनमधून ब्रेक दाबून सोडला, यांनी त्याला खाली बोलावून दांडा किती बाहेर येतोय ते दाखवलं, आणि मग मामाही शिव्या द्यायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी यांनी स्वतःची गाडी रिकामीच काढली, गिअरमध्ये हळूहळू नाक्यावर नेली. साहेबानं स्टिकर बघून जा म्हणून हात केला. हे गेले नाहीत. गाडी बाजूला लावली, चावी समोर ठेवली आणि म्हणाले, तपासा, आज मी नट आवळलेला नाही. साहेबानं तपासलं. मग यांनी त्याला बाकीच्या सातही गाड्यांचं सांगितलं. काल नाकेवाले यार्डात येऊन गेले, सगळ्या गाड्या दुरुस्त होईपर्यंत बंद.

मालकानं यांना काढलं. वॉचमन म्हणूनही नको म्हणाला. काही पोरं बोलत नाहीत, त्यांचेही दिवस बुडताहेत. मामा मात्र काल संध्याकाळी येऊन थोडा वेळ बसून गेला.

मी तुझ्यावर रागावलेय. लिहिते म्हणजे तुला कळेल. चुकीचं शिकवलंस त्यासाठी नाही, ते तुलाही माहीत नव्हतं. त्या मधल्या पत्रासाठी. ते मी यांना वाचताना बघितलं होतं, हे म्हणाले होते, पोरगं एकटं पडलंय तिकडे. तुझी काळजी करत होते रे. रोज सकाळी पोत्यावर आडवं पडून आठ गाड्या आवळत होते आणि तुला माहीत होतं.

खाली यांना लिहायचंय. जागा सोडते.

ताई

भिंगरी, तुझ्या ताईनं पुरेसं लिहिलंय, मी त्यात भर घालत नाही. मिस्तरीला माझं नाव सांगितलंस, ठीक आहे. शिकवलं होतं मीच. हसलास त्याचं मला दोन दिवस लागलं, आता नाही. माझ्याही मनात येतं की मामा जेवायला थांबला नसता तर. तो नेहमी तिथे थांबत नाही. हे ओझं मला तुझ्याइतकी वर्षं वाहावं लागणार नाही, माझं वय झालंय, पण आहे तोवर राहील.

एक विचारायचंय. पत्रात तू लिहिलंस की लांबूला डुलकी लागली असं चौकशीत लिहिलं. पुढच्या पत्रात खरं काय ते मला लिहिलंस. लांबूला कुणी सांगितलं का?

दाजी

२८ एप्रिल

दाजी,

तुमची शेवटची ओळ वाचली आणि पत्र खिशात ठेवलं. चार दिवस कामावर तेच जाकीट घालून उभा राहिलो. कागद दाखवा, दिवा लावा, ठोकळा कुठाय. पाचव्या दिवशी एका नव्या ड्रायव्हरनं मला विचारलं, लांबू खरंच झोपला होता का. मी म्हटलं, दिव्याकडे लक्ष दे.

त्या दुपारी सुट्टी टाकून लांबूकडे गेलो. तो आता घरी आहे, बहिणीकडे, वरच्या मजल्यावर. जिन्यात दोनदा थांबलो. इनचार्जला काय सांगू, कामावरून काढलं तर इथून कुठे जाऊ, हे सगळं जिन्यातच आठवलं. खोटं बोलत नाही, परत वळलोही होतो. वरून त्याची बहीण डबा घेऊन उतरत होती, तिनं बघितलं आणि म्हणाली, या ना, तो वाटच बघत असतो कुणी यार्डातलं येईल म्हणून. दाजी, दीड महिन्यात कुणी गेलं नव्हतं. मीही नाही.

तो पलंगावर होता, पायात सळ्या घातलेल्या. मला बघून इतका खूश झाला की मला आणखीच कसंतरी झालं. म्हणाला, साहेब आले, थांबा, कागद काढतो. मी हसलो नाही. त्याचे वडीलही खिडकीपाशी बसले होते. तेही जुने ड्रायव्हर. ते त्याच्याशी बोलत नाहीत, हे मला बसल्या बसल्या कळलं. पाणी हवं असलं तरी तो बहिणीला हाक मारत होता.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. तुम्हाला लिहिलं तेच, त्याच क्रमानं. नट, दांडा, त्या सकाळी त्यानं मला दाखवलं ते, मी काय म्हणालो ते, मिस्तरीनं काय उघडलं ते. चौकशीत जे लिहिलंय ते खोटं आहे आणि मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे, हेही सांगितलं. तो मला मारेल असं वाटलं होतं. जवळ कुबडी होती.

त्यानं कुबडीला हातही लावला नाही. हळू आवाजात म्हणाला, मला झोपल्याचं आठवत नव्हतं. ब्रेक दाबल्याचं आठवत होतं, पाय पार खाली गेल्याचं आठवत होतं. पण सगळे म्हणाले, तुला वाटतंय तसं, डुलकी लागलेल्याला कळत नसतं. चौकशीचे साहेब म्हणाले, डॉक्टर म्हणाले, घरचे म्हणाले. मग मलाही वाटायला लागलं की झोपलोच असेन. आता रात्री झोप लागायला लागली की मी दचकून उठतो.

वडील खिडकीपाशीच होते. त्यांनी मला परत सांगायला लावलं. म्हणाले, मला कमी ऐकू येतं, जवळ येऊन सांग. मी जवळ जाऊन पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं.

उद्या आम्ही दोघं नाक्याच्या मोठ्या कार्यालयात जाणार आहोत, लांबूचे वडील आणि मी. तिथे सगळं लिहून द्यायचंय. इनचार्जला मी आज सकाळी सांगितलं. जाकीट त्याच्या टेबलावर ठेवलं. पुढे काय ते माहीत नाही, ताईला आत्ताच सांगू नका.

मी निघताना लांबू भिंतीकडे तोंड करून होता. मला वाटलं रडतोय. दारापर्यंत गेलो तेव्हा कळलं, तो वडिलांशी बोलत होता. एकच वाक्य. ते ऐकत होते तरी तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता.

मी जागा होतो, बाबा. मी जागाच होतो.

भिंगरी